अफू, गर्द आणि चर्च : उत्तर कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

वैतरणा नदी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव वसलेले आहे. समोर अर्नाळ्याचे बेट आहे. खाडीच्या दक्षिणेस वसईचा ख्रिस्ती मुलूख सुरू होतो. उत्तरेस केळवे-माहीम, त्यापुढे तारापूर व बोईसर, नंतर डहाणू आणि आणखी वर दमण अशी ही किनारपट्टी आहे. १५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. या दोनशे वर्षांत येथे जी चर्चे उभी राहिली त्यांतील अनेक आजही नांदती आहेत. दमण मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिले आणि अफूच्या इतिहासात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

अमेरिकेत गेल्या पाव शतकात अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेने, म्हणजे बोलीत ज्याला ओव्हरडोस म्हणतात त्याने, लाखो माणसे मृत्युमुखी पडली. २०२२ या एका वर्षात सर्व अमली पदार्थांच्या अतिमात्रेने तेथे एक लाखाहून अधिक मृत्यू नोंदले गेले. तेथील अनेक चर्चनी तळघरात व्यसनी व्यक्तींच्या सभा भरविल्या, नालोक्सोन या उताऱ्याच्या औषधाचे प्रशिक्षण दिले आणि मृतांसाठी प्रार्थनासभा घेतल्या. आपल्याकडे हा विषय परदेशातील बातमी म्हणूनच वाचला जातो. वस्तुतः अफू आणि चर्च यांचा संबंध मुंबई व उत्तर कोकणात दीडशे वर्षांचा आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. ‘चर्च’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने योजला असून त्यात कॅथलिक धर्मप्रांत, प्रॉटेस्टंट मिशने आणि ख्रिस्ती प्रेरणेने चालणाऱ्या संस्था या सर्वांचा समावेश आहे.

दमणची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. परंतु माळव्यातील अफू संस्थानी प्रदेशात पिकत असल्याने ती कंपनीच्या हाती लागत नव्हती. ही अफू राजपुतान्यातून सिंधमध्ये, तेथून कराचीस आणि जलमार्गाने दमणला पोचत असे. दमणहून ती चीनकडे रवाना होई. मुंबईचे बंदर टाळून चाललेल्या या व्यापारात मुंबईचेच व्यापारी गुंतलेले होते. गोव्याचे रोझेरिओ द फारिया हे त्यांपैकी एक प्रमुख नाव. जमशेटजी जीजीभाई यांचे वैभवही चीनच्या व्यापारातून, त्यातही मोठ्या प्रमाणावर अफूतून उभे राहिले. अमर फारुकी यांनी मुंबईच्या आरंभीच्या भांडवलाचा अफूशी असलेला संबंध साधार दाखविला आहे.

कंपनीने आधी माळव्याची अफू स्वतः विकत घेऊन पाहिली. ते जमले नाही तेव्हा १८३० च्या सुमारास परवाना देऊन पेटीमागे १७५ रुपये जकात घेण्याची पद्धत सुरू केली. दमणचा मार्ग स्वस्त पडतो हे पाहून १८३५ मध्ये ती १२५ रुपयांवर आणावी लागली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर दमणची वाट तुटली आणि मग हीच जकात चढत चढत ४०० रुपयांवर गेली. जकातीच्या या आकड्यांकडे नुसते पाहिले तरी सरकारच्या धोरणात आरोग्याचा विचार किती होता हे कळून येते. अफू हा महसुलाचा विषय होता आणि पुढे चर्चने जो वाद घातला तो मुख्यतः या महसुलाशी घातला.

महसूल आणि सद्सद्विवेक

१८७४ मध्ये इंग्लंडमध्ये अफूव्यापारविरोधी संस्था स्थापन झाली. तिच्यात क्वेकर पंथीयांचा पुढाकार होता. मुंबईत या चळवळीचे मुखपत्र म्हणता येईल असे साप्ताहिक म्हणजे ‘बॉम्बे गार्डियन’. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ते दीर्घकाळ चालविले. १८८८ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते आल्फ्रेड डायर या क्वेकर कार्यकर्त्याकडे आले. डायर आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील चंडूखान्यांविरुद्ध, म्हणजे अफू ओढण्याच्या अड्ड्यांविरुद्ध, सातत्याने लेखन केले. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या अड्ड्यात माणूस दिवसेंदिवस पडून राहतो त्या अड्ड्याला सरकारचा परवाना आहे आणि त्या परवान्याचे पैसे सरकारी तिजोरीत जमा होतात.

याच्या उलट बाजूही मांडली गेली. रुस्तम पेस्तनजी जहांगीर यांनी १८९३ मध्ये मुंबईतील अफू ओढणाऱ्यांच्या जीवनकथांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अफू ओढणारे बहुतेक लोक कष्ट करून पोट भरणारे असून मिशनरी रंगवितात तसे ते उद्ध्वस्त झालेले नाहीत, असा तिचा रोख होता. आजच्या वाचकाला ती पुस्तिका सरकारी बाजूची वकिली वाटेल. तथापि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी मिशनऱ्यांच्या लेखनात क्वचितच आढळते : अफू ओढणाऱ्या माणसांची एकेकट्याची हकिकत. अड्ड्यांबद्दल रकानेच्या रकाने लिहिणाऱ्यांनी अड्ड्यातील माणसाला मात्र फारसे बोलते केले नाही.

मिशनऱ्यांमध्येही एकवाक्यता नव्हती. १८९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबईत दशवार्षिक मिशनरी परिषद भरली. अफू व सरकारमान्य वेश्याव्यवसाय या विषयांवर परिषदेने भूमिका घ्यावी की नाही यावरून तीव्र मतभेद झाले. सरकारशी उघड वैर नको असे मानणारा मोठा वर्ग मिशनांत होता. शाळा व रुग्णालये यांना सरकारी अनुदान मिळत होते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

१८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. हरिदास विहारीदास देसाई व दरभंग्याचे महाराज हे त्यातील भारतीय सदस्य. आयोगाने १८९५ मध्ये अहवाल दिला आणि भारतात अफूचे सेवन बव्हंशी माफक असून त्यावर बंदी घालण्याचे कारण नाही असा निष्कर्ष काढला. एकट्या हेन्री जोसेफ विल्सन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. चर्चची चळवळ या अहवालाने दहा-बारा वर्षे मागे गेली.

भारतीय नेत्यांची भूमिकाही समजून घ्यावयास हवी. दादाभाई नौरोजी यांनी अफूव्यापाराचा स्पष्ट निषेध केला होता. भारतातून इंग्लंडकडे होणारे संपत्तीचे वहन भरून काढण्यासाठी चीनला विष पाजले जाते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. परंतु अफूचे उत्पन्न बंद झाले तर त्याची भरपाई भारतीय रयतेवर नवा कर लादून केली जाईल, ही भीती १८९० च्या दशकात अनेकांनी व्यक्त केली आणि ती निराधार नव्हती. चर्चच्या निवेदनांत या भीतीला उत्तर आढळत नाही. पापाचा पैसा नको हे सांगणे सोपे होते. तो पैसा कोणाच्या खिशातून भरून निघणार हे सांगणे अवघड होते. अखेर १९०७ च्या कराराने चीनकडील निर्यात टप्प्याटप्प्याने कमी झाली व १९१३ मध्ये थांबली.

आणखी एक नोंद करणे आवश्यक आहे. चीनमध्ये काही मिशनरी दवाखान्यांतून अफू सोडविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत मॉर्फिन असे. लोक तिला ‘येशूची अफू’ म्हणू लागले. अफूवरचा उतारा म्हणून अफूचाच अर्क देणारी ही गोळी पुढे स्वतःच व्यसनाचे कारण ठरली.

बाळगोळी

निर्यात थांबली, देशांतर्गत विक्री थांबली नाही. मुंबईच्या गिरणगावात तिचे सर्वांत करुण रूप दिसले. सकाळी गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ देऊन निजवीत असे. या गोळीत अफू असे. मूल रडत नसे, भूक मागत नसे, आणि शेजारच्या म्हातारीला त्याचा उपद्रव होत नसे. १९२२ च्या सुमारास मुंबईतील स्त्री-कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी या स्त्रियांच्या ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते असे नोंदविले. हा आकडा पुढे मुंबईच्या कामगारविषयक चर्चेत वारंवार उद्धृत झाला. प्रौढाला ज्या मात्रेने गुंगी येते ती तान्ह्या मुलाला प्राणघातक ठरू शकते. अतिमात्रेचा प्रश्न या शहरात प्रथम अड्ड्यात नव्हे, तर पाळण्यात उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही. या मुलांच्या मृत्यूची नोंद बहुधा अशक्तपणा किंवा पोटाचा विकार अशीच होत असावी.

येथे चर्चच्या कार्याचे स्वरूप बदललेले दिसते. सी. एफ. अँड्र्यूज केंब्रिज मिशनमार्फत १९०४ मध्ये भारतात आले आणि पुढे मिशनच्या चौकटीबाहेर पडून गांधी व टागोर यांच्या सान्निध्यात राहिले. काँग्रेसच्या आसाम अफू चौकशीत त्यांचा सहभाग होता आणि १९२६ मध्ये भारतातील अफूच्या अनर्थावर त्यांनी पुस्तिका लिहिली. निषेधपत्रकांची जागा येथे पाहणीने घेतली. अमेरिकन मराठी मिशनने नागपाड्यात याच दशकात ‘नेबरहुड हाउस’ उभे केले. तेथे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी वस्तीतच राहून वस्तीचा अभ्यास करण्याची पद्धत रुजविली आणि त्यातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे मूळ एका मिशनच्या वस्तीकार्यात आहे, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. बाळगोळीचा उपाय प्रवचनात नसून पाळणाघरात आहे, हे वस्तीत राहिल्यावाचून कळणारे नव्हते.

गर्दचा काळ आणि ‘कृपा’

स्वातंत्र्यानंतर अफूची दुकाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण आले. मुंबई प्रांतात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने लक्ष दारूकडे वळले. अफू हा जुन्या पिढीतील काही नोंदणीकृत व्यसनींचा प्रश्न उरला असे वाटू लागले होते. १९७९ नंतर इराण व अफगाणिस्तानातील उलथापालथीमुळे हेरॉइनचे मार्ग बदलले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत ‘ब्राउन शुगर’ आली. मराठीत तिला ‘गर्द’ हे नाव रूढ झाले. अनिल अवचट यांच्या लेखनाने मराठी मध्यमवर्ग हादरला. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ही कथा मराठी वाचकांस सुपरिचित आहे.

त्याच्या पाच वर्षे आधी, १९८१ मध्ये, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली होती. ही कथा मात्र मराठी समाजात तितकी परिचित नाही. परेरा हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धत आणि अय्यंगार योग यांचा मेळ त्यांनी घातला. ही बारा पायऱ्यांची पद्धत स्वतःच १९३० च्या दशकात अमेरिकेतील एका ख्रिस्ती पुनरुज्जीवन गटाच्या प्रभावातून निघालेली. म्हणजे प्रॉटेस्टंट वळणाची एक पद्धत, कॅथलिक धर्मगुरू आणि पुण्याच्या आचार्याचा योग, असा हा संगम होता. चर्चच्या कर्मठ वर्तुळात योगाबद्दल साशंकता असताना एका धर्मगुरूने चर्चच्याच आवारात आसने शिकविली, याचे ऐतिहासिक मोल कमी लेखता येणार नाही. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थेचा विस्तार वसईसह ईशान्य भारतापर्यंत अनेक ठिकाणी झाला आणि एचआयव्हीबाधितांची शुश्रूषाही तिने अंगावर घेतली.

१९९८ मध्ये मुंबईच्या आर्चडायोसीजमधून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि वैतरणेच्या उत्तरेचा पालघर-डहाणू भागही त्यात आला. या पट्ट्यातील रोजचे व्यसन दारू आणि ताडी हेच आहे आणि चर्चच्या व्यसनमुक्तीच्या कार्याचा भरही साहजिकच त्यावर राहिला. गर्द हे शहराचे दुखणे, अशी समजूत खाडीच्या दोन्ही तीरांवर दीर्घकाळ होती. विरार-डहाणू रेल्वेमार्ग आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांनी शहर व गाव यांतील अंतर केव्हाच पुसून टाकले आहे, ही गोष्ट त्या समजुतीत बसत नव्हती.

संयम की जीवरक्षण

अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेत श्वसन मंदावते आणि थांबते. येथे एक शरीरशास्त्रीय वस्तुस्थिती चर्चच्या परंपरेला थेट भिडते. काही आठवडे पदार्थ बंद ठेवला की शरीराची तो सोसण्याची शक्ती उतरते. त्यानंतर माणूस जुन्याच मात्रेने पुन्हा घेऊ लागला तर तीच मात्रा त्याला मारू शकते. म्हणून तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात. पूर्ण संयम हे ज्या केंद्राचे ध्येय आहे, त्याच्या दारातून बाहेर पडणारा माणूस तेथे येण्यापूर्वीपेक्षा एका अर्थाने अधिक असुरक्षित असतो. संयमाचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र निरोप देऊन केंद्राची जबाबदारी संपते, असेही मानता येत नाही.

या पेचाला चर्चनी जगभर वेगवेगळी उत्तरे दिली. सिडनीत १९९९ मध्ये किंग्ज क्रॉस भागातील वेसाइड चॅपलने कायदा मोडून, देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याची खोली उघडली. सरकारने पुढे असे अधिकृत केंद्र काढण्याचे ठरविले तेव्हा ते चालविण्यास ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक भगिनीसंघाने तयारी दर्शविली. परंतु व्हॅटिकनच्या आदेशाने त्यांना माघार घ्यावी लागली. मग युनायटिंग चर्चने ते स्वीकारले आणि मे २००१ मध्ये केंद्र सुरू झाले. पापाला साहाय्य होते की प्राण वाचतो, या एका प्रश्नावर दोन चर्चनी दोन उत्तरे दिली.

भारतात हाच प्रश्न ईशान्येत उभा राहिला. मणिपूर व नागालँडमध्ये २००४ पासून इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या मिशन रुग्णालयांच्या संघटनेने ‘ऑर्किड’ प्रकल्प राबविला. स्वच्छ सुया, पर्यायी औषधोपचार आणि अतिमात्रेवरील उपचार हे त्याचे भाग होते. जेथे समाजजीवनावर बॅप्टिस्ट चर्चचा पगडा आहे तेथे ख्रिस्ती डॉक्टरांनी सुया वाटाव्यात, हे सहजासहजी पचणारे नव्हते. मुंबईत ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधाचा मार्ग मुख्यतः १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘संकल्प’सारख्या धर्मनिरपेक्ष संस्थांनी आणि पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने चोखाळला. मुंबई-वसई पट्ट्यातील चर्चप्रणीत व्यसनमुक्ती कार्य प्रामुख्याने संयमाच्या बाजूने राहिले.

कायद्याचाही येथे विचार हवा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस कलम ६४-अ अन्वये संरक्षण आहे, परंतु ते सामान्य कुटुंबाला ठाऊक नसते. मित्राचा श्वास मंदावला असताना आधी पोलीस आठवतात, रुग्णवाहिका नंतर. ज्या कुटुंबाला पोलीस नको असतात आणि शेजाऱ्यांनाही काही कळू द्यायचे नसते, ते धर्मगुरूचे दार मात्र ठोठावते. या दाराच्या आत नालोक्सोन असावे की नाही, हा प्रश्न म्हणून केवळ वैद्यकीय राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच अशी शिफारस केली की अतिमात्रेच्या प्रसंगी जवळ असण्याची शक्यता असलेल्या सामान्य माणसांच्या हातीही हे औषध व त्याचे प्रशिक्षण द्यावे.

तारापूरची नवी पेटी

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात. लोकसंख्येच्या प्रमाणात हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर वेदनाशामक व तत्सम औषधांचा गैरवापर करणारे ०.९६ टक्के आहेत. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अतिमात्रेचे मृत्यू वर्षाला हजाराच्या आतच आढळतात. या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. गिरणगावातील बाळाच्या मृत्यूला जसे दुसरे नाव दिले जाई, तसेच आजही दिले जात असावे, असे मानण्यास जागा आहे.

औषधी गोळ्यांचा हा हिस्सा उत्तर कोकणाला विशेष जवळचा आहे. तारापूर-बोईसर व पालघर हा रसायने आणि औषधे यांच्या कारखान्यांचा पट्टा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोधवृत्तातून असे पुढे आले की पालघर येथे कारखाना असलेली मुंबईची एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल हे अफूसदृश वेदनाशामक व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया व आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवीत होती. या मिश्रणाला जगात कोठेही औषध म्हणून मान्यता नव्हती. केंद्र सरकारने त्याचे उत्पादन व निर्यात यांचे परवाने तत्काळ मागे घेतले आणि कारखान्यातील काम थांबविण्यात आले.

१८३० मध्ये जी पेटी दमणहून चीनकडे जात होती तिच्याविरुद्ध इंग्लंडमधील क्वेकरांनी आवाज उठविला, कारण आपल्या देशाच्या तिजोरीत तो पैसा येतो हे त्यांना बोचत होते. पश्चिम आफ्रिकेकडे गेलेल्या गोळ्यांच्या पेट्या याच किनाऱ्यावरून, नव्वदएक किलोमीटरच्या अंतराने, निघाल्या. त्या बांधणारे हात बोईसर-पालघरच्या गावांतलेच असणार आणि त्यांतील काही रविवारी वसईच्या धर्मप्रांतातील चर्चमध्ये जोडले जाणारेही असतील. अकुशल कामगाराला आपण कोणती गोळी भरतो हे सांगितले जात नाही, हे उघड आहे. व्यसनी माणसाची शुश्रूषा करण्याची परंपरा या चर्चजवळ चार दशकांची आहे. पेटी कोठून निघते हे विचारण्याची परंपरा त्याहून जुनी असून ती ‘बॉम्बे गार्डियन’च्या रकान्यांत पडून आहे.